नग एक

खारीवाड्यावर रात्रपाळीला मी एकटाच.
एका बाजूला बर्फाचा कारखाना,
दुसऱ्या बाजूला कोळंबीची खोली, उणे वीस.
अमोनियाचा वास मला आता येत नाही,
घरी गेल्यावर बायकोला येतो.

साडेअकराला रेवती कुंकळ्येकार आली,
वर सड्यावरच्या प्रयोगशाळेतली.
तिथला फ्रीझर बसलेला, जनरेटर रुसलेला,
आणि हातात थर्मोकोलची पेटी,
निखारे धरावेत तशी अंगापासून लांब.
"शाणूबाब, सकाळपर्यंत ठेवाल?"
आत काय?
"चिखल. आणि थोडं शेवाळ.
पार उत्तरेच्या टोकाजवळच्या खाडीतलं."
मला हसू आलं. चिखल तर झुआरीत फुकट मिळतो.

उलट्या क्रेटवर बसून तिनं माझा कोरा चहा घेतला.
तिथं म्हणे बर्फाच्या पोटाला तपकिरी शेवाळ धरतं.
आमच्याकडे अशी लादी निघाली
तर ट्रॉलरवाला माझ्या सात पिढ्या उद्धरेल.
तिथं तेच भाताचं कोठार.
लांबलेल्या रात्रीनंतर उजेड बर्फातून झिरपतो,
शेवाळ पिकतं,
तांदळाएवढे किडे खोलातून वर येतात जेवायला,
तेलानं टम्म फुगतात.
त्यांच्यावर मासा, माशावर सील, सीलवर अस्वल.
लादीच्या खालच्या अंगावर एवढा संसार!
आणि मी बावीस वर्षं लादी फक्त वरून पाहिलेली.

आता बर्फ लवकर मोडतो.
पंगत वाढून होते, पाहुणे अजून वाटेत.
पोचतात तेव्हा पानं उचललेली.
आणि दक्षिणेकडून येतात ते किडे दुसरेच,
रोड, बिनतेलाचे.
"तारल्यांऐवजी नुसते काटे वाढले तर, तसं," ती म्हणाली.
हे माझ्यासाठी असावं. ती स्वतः मासे खात नाही.

सील बर्फात बीळ करून पिलू घालते.
त्या बिळाच्या छपरावर
हिवाळा सरायच्या आत पाऊस पडला.
एवढंच सांगून ती बराच वेळ
कपातला गाळ फिरवत राहिली.

मग म्हणाली, बांगडाही पोचलाय तिकडे.
आपला नव्हे, त्याचा चुलता.
"व्हिसा?" मी विचारलं.
ती हसली, मीही हसलो,
आणि मला मिंगेलचे तिन्ही मुलगे आठवले,
पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेले.
घराला कुलूप, व्हरांड्यात कुत्रा.
जाणारा प्रत्येक जण हौसेनं जातो असं नाही.
जिथं पोचतो तिथं आधी कुणीतरी राहत असतं.

ती गेल्यावर मी वही उघडली.
रकाने ठरलेले: नग, वजन, बोट, मालक.
नग एक. वजन साडेतीन किलो.
बोटीपुढे रेघ मारली.
मालकापुढे पेन टेकवलं, तिचं नाव लिहिणार होतो,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मागच्या बाजूला कंप्रेसर गरम वारा ओकत होता.
थंडी करायची तर ऊब कुठेतरी टाकावीच लागते,
हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.
ती आम्ही मागच्या बोळात टाकतो.
तिथं मांजर झोपतं.
बोळाच्या पुढे कुठे जाते, कुणी विचारलं नव्हतं.

एकला पाहिलं, उणे वीस.
दोनला उणे वीस.
तीनला डुलकी लागली.
चारला उणे एकोणीस.
दाराच्या रबराला बोट लावलं,
बारीकशी गार हवा निसटत होती.
मेकॅनिक सातला येतो.
मी दाराला खांदा लावला
आणि तसाच उभा राहिलो,
धक्क्यावर पहिल्या ट्रॉलरचा भोंगा होईपर्यंत,
मग त्यानंतरही.